ब्लॅक फॉरेस्टचा जीव आंबटात

ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये सगळ्यात महत्त्वाचं चॉकलेट, असं बहुतेकांना वाटतं. काळा रंग, वर चॉकलेटचा कीस, नावातही काळोख. वाटणं साहजिक आहे. पण हा केक ज्या मुलखातला आहे तिथल्या एका बाईंच्या हाताखाली तो करायला शिकल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे. या केकचा जीव चेरीत आहे, आणि तीही आंबट चेरीत. चॉकलेट कमीजास्त झालं तर केक थोडा फिका किंवा थोडा कडसर होईल. आंबटपणा गेला तर मात्र उरतं ते नुसतं गोड, गार आणि मऊ काहीतरी. ते चवीला चांगलंही असेल, पण त्याला ब्लॅक फॉरेस्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी स्टुटगार्टला राहते. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. इथून गाडीने तासाभर गेलं की श्वार्ट्सवाल्ड, म्हणजे ज्याला जग ब्लॅक फॉरेस्ट म्हणतं ती डोंगररांग लागते. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ती उत्तर-दक्षिण पसरली आहे आणि तिच्या पश्चिमेला ऱ्हाईन नदीचं सपाट खोरं आहे. तिचं सगळ्यात उंच शिखर फेल्डबेर्ग, उंची १,४९३ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून दीडशे मीटरने उंच आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे ओळखीचं खूप काही सापडतं. पश्चिमेची बाजू खड्या उताराची, डोंगर उतरला की एकदम सपाटी, उतारावर पावसाचं पाणी अडवणारे ढग. झाडं मात्र अगदी वेगळी. स्प्रूस आणि फर यांची इतकी दाट उभी रांग, की दुपारीसुद्धा जमिनीवर ऊन पोचत नाही. नाव कुठून आलं हे तिथे पायवाटेवर उभं राहिलं की विचारावं लागत नाही.

चेरी त्या काळोखात पिकत नाही. ती पिकते डोंगराच्या पायथ्याशी, ऱ्हाईनकडे तोंड करून असलेल्या उबदार उतारांवर. एप्रिलमध्ये तिथे पांढरा फुलोरा येतो, जून-जुलैत फळ उतरतं. त्यातही प्रकार आहेत. बारीक, काळपट, गोड चेरी मुख्यतः भट्टीत जाते आणि तिची किर्शवासर नावाची पाण्यासारखी स्वच्छ दारू होते. केकमध्ये जाते ती दुसरी, लालभडक आंबट चेरी. वर डोंगरात गाईगुरं, त्यांचं दूध आणि घट्ट साय. पायथ्याला फळ आणि भट्टी. हा केक कशाकशाचा बनतो हे एकदा नीट मोजून पाहिलं, की त्यात परमुलखातून आलेली मोठी गोष्ट एकच निघते, ती म्हणजे कोको. बाकी सगळं त्या उतारांवरचं आहे. माझ्या मताला हा पहिला पुरावा.

गंमतीची गोष्ट अशी, की केक म्हणून त्याचा जन्म मात्र बहुधा या डोंगरात झालेला नाही. योझेफ केलर (१८८७–१९८१) नावाचे मिठाईकार सांगत, की त्यांनी हा केक १९१५ साली बॉनजवळच्या बाड गोडेसबेर्गमधल्या एका कॅफेत पहिल्यांदा केला. बाड गोडेसबेर्ग श्वार्ट्सवाल्डपासून चांगलंच दूर, उत्तरेला आहे. केलर यांच्या दाव्याला त्या काळचा लेखी आधार मिळालेला नाही. ट्यूबिंगेन शहराच्या अभिलेखागाराकडून दुसरं नाव पुढे आलं, एर्विन हिल्डेनब्रांड यांचं. ते ट्यूबिंगेनच्या कॅफे वाल्त्समध्ये काम करत आणि साल सांगितलं जातं १९३०. छापील उल्लेख सापडतो तो १९३४ चा, जे. एम. एरिक वेबर यांनी मिठाईकारांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात. त्या सुमारास हा केक जास्त करून बर्लिनच्या आणि मोठ्या शहरांतल्या नामांकित दुकानांत मिळायचा. म्हणजे डोंगराचं नाव, आणि नावारूपाला आला शहरात. केलर यांची हाताने लिहिलेली कृती त्यांच्या शिकाऊ मदतनिसाकडून ट्रिबेर्ग गावच्या कॅफे शेफरकडे आली. तिथे आजही त्या कृतीने केक करतात आणि लोक लांबून तो खायला जातात.

पहिला कोण, या वादात मला फारसा रस नाही. चेरी, फेटलेली साय आणि वर किर्शवासरची धार हे एकत्र खाणं या भागात केकच्या आधीपासून होतं. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये त्सुग गावचा किर्शटोर्टे नावाचा केक आहे, त्यातही हीच दारू मुरवलेली असते. चॉकलेट नाही, चेरीचं फळही नाही. कोण्या शहरी कारागिराने या घरगुती गोडाला चॉकलेटच्या थरांवर उभं केलं असावं, आणि तसे हात एकाहून जास्त असणं मला तरी अगदी शक्य वाटतं. अजून एक कथा सांगतात ती टोपीची. गुटाख आणि आसपासच्या गावांत बायका सणावाराला बोलेनहूट घालतात, पांढऱ्या टोपीवर लोकरीचे १४ मोठे गोंडे. लग्न न झालेल्या मुलींचे लाल, लग्न झालेल्यांचे काळे. केकवरच्या चेऱ्या त्या लाल गोंड्यांवरून आल्या म्हणतात. दिसायला जुळतं खरं, पण मला ही गोष्ट मागाहून जोडलेली वाटते. पर्यटकांना एकाच चित्रात टोपीही लागते आणि केकही.

त्यापेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो जर्मनीतला नियम. इथे खाद्यपदार्थांसाठी सरकारमान्य मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि कुठल्या पदार्थाला कुठलं नाव द्यायचं हे त्यात लिहिलेलं आहे. श्वार्ट्सवेल्डर किर्शटोर्टे, म्हणजे आपला ब्लॅक फॉरेस्ट, म्हणायचं असेल तर काळ्या थराच्या मिश्रणात निदान ३ टक्के कोको हवा. आणि किर्शवासर इतकं हवं, की त्याची चव स्पष्ट कळली पाहिजे. चॉकलेटला आकडा आहे आणि दारूला जीभ आहे. कोण्या अधिकाऱ्याने कागदावर 'स्पष्ट कळली पाहिजे' असं लिहावं, याचं मला फार कौतुक वाटतं. पदार्थ कशाने ओळखायचा हे त्याला ठाऊक होतं.

आता करण्याविषयी. मला हा केक शिकवला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी. त्यांचं माहेर रेंख नदीच्या खोऱ्यात. वडिलांची शेतघरातच लहानशी भट्टी होती, वर्षाला ३०० लिटर शुद्ध मद्यार्काची मर्यादा असलेली, तशा तिथे घरोघर आहेत. रविवारी दुपारी तीन-साडेतीनला त्यांच्याकडे कॉफी आणि केक, ही वेळ त्यांनी कधी चुकवलेली मी पाहिली नाही. त्यांचं शिकवणं मोजूनमापून असायचं आणि बोलणं थोडं. पहिल्याच वेळी चेरीची बरणी उघडून एक चेरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी ही खा. डोळे बारीक झाले नाहीत तर दुसरी बरणी उघडू."

चेरीपासूनच सुरू करते. शाटेनमोरेले नावाची आंबट चेरी इथे काचेच्या बरणीत, बिया काढलेली, स्वतःच्याच रसात मिळते. मोठ्या बरणीत निथळून साधारण ३५० ग्रॅम फळ निघतं. ताजी मिळाली तर उत्तमच, पण बरणीतलीही चालते, आजींना तीच आवडते. चालत नाही ती ताजी गोड चेरी. ती नुसती खायला सुंदर असते आणि साय-साखरेत पडली की तिचा आवाजच ऐकू येत नाही. फळ निथळायला ठेवायचं. वर लावायला चांगल्या दिसणाऱ्या १६ बाजूला काढायच्या, कारण केकचे तुकडे १६ पाडायचे असतात. निथळलेला पाव लिटर रस दालचिनीचा तुकडा आणि दोन चमचे साखर घालून उकळायचा. थोड्या गार रसात ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून ते त्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. एक नीट उकळी आली पाहिजे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पण उकळत ठेवायचंही नाही, कारण आंबट रसात स्टार्च जास्त वेळ शिजला की त्याची पकड सुटते आणि घट्ट झालेलं पुन्हा पातळ होतं. गॅस बंद करून मग चेरी घालायच्या, हलक्या हाताने, म्हणजे फळ अख्खं राहतं. साखर दोन चमचेच, हे आजींचं सांगणं. मी विचारलं, एवढी कमी? त्यांनी बोटांवर मोजलं, साय, केक, वरचं चॉकलेट. गोड करायला एवढे सगळे बसलेत, चेरीचं ते काम नाही.

हे मला पटायला वेळ लागला नाही. आमच्या घरी आमटीत चिंच आणि गूळ दोन्ही पडतात, आणि गूळ असतो तो चिंचेला बोलतं करायला. चिंच वगळून नुसत्या गुळाची आमटी कोणी करत नाही. या केकमध्ये साय, साखर, चॉकलेट ही सगळी गुळाच्या बाजूची मंडळी. चेरी ही चिंच.

केकचा थर अंड्यांवर उभा राहतो, सोड्यावर नाही. ६ अंडी आणि १८० ग्रॅम साखर एका भांड्यात घेऊन ते भांडं गरम पाण्यावर धरायचं आणि मिश्रण कोमट, साधारण ४० अंशांपर्यंत येईतो फेटायचं. मग खाली उतरवून फेटत राहायचं, आकार तिप्पट होईपर्यंत. फेटणी उचलली की पडणारी धार वर क्षणभर रेघ धरून राहिली पाहिजे. त्यात १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि ४० ग्रॅम कोको, सगळं एकत्र दोनदा चाळून, तीन हप्त्यांत घालायचं. इथे जपायचं. कोकोत थोडी चरबी असते आणि अंड्याच्या फेसाचं चरबीशी वैर आहे. जितकं ढवळाल तितका फेस बसतो. म्हणून भांड्याच्या तळापासून वर, एकाच दिशेने, उलथन्याने घड्या घालत मिसळायचं आणि पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवायचा. २६ सेंटीमीटरच्या टिनला कागद फक्त तळाला. कडांना तूप-लोणी काही लावायचं नाही, कारण फुगताना मिश्रण त्या कोरड्या कडांना धरूनच वर चढतं. १७५ अंशांवर अर्धा तास, थोडा जास्त.

आणि मग तो केक रात्रभर तसाच ठेवायचा. ताजा कापला तर चुरा होतो, सुरीखाली फाटतो. रात्रीतून आतली ओल सगळीकडे सारखी पसरते आणि दुसऱ्या दिवशी तीन सरळ थर पडतात. आजी सुरीने फक्त भोवती खूण करतात, आणि त्या खाचेत जाड दोरा बसवून दोन्ही टोकं ओढून घेतात. थर असा सपाट निघतो, की बघत राहावं. दोन दिवस लागणारा पदार्थ आहे हा. घाई असेल त्या दिवशी दुसरं काही करावं.

बऱ्याच जणांना माहीत नसतो तो सगळ्यात खालचा थर. तो स्पंजचा नसून बिस्किटाचा असतो. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, या मापाचं पीठ पातळ लाटून कुरकुरीत भाजायचं. त्यावर आंबट चेरीचा किंवा लाल करंट नावाच्या बारीक आंबट फळाचा जॅम लावायचा आणि पहिला स्पंज त्यावर चिकटवायचा. काही जण हा थर गाळतात. मी गाळत नाही. ओल्या चेरीचा आणि सायीचा भार हा थर पेलतो, आणि सगळ्या मऊपणात दाताला काहीतरी लागतं.

किर्शवासर गोड नसते, हे आधी सांगायला हवं. ती लिक्युअर, म्हणजे साखर घातलेली गोड दारू, नव्हे. चेरी आंबवून ऊर्ध्वपातन करून काढलेली, ४० टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली, रंग नसलेली दारू. वास घेतला की आधी चेरी येते आणि तिच्यामागून कडू बदाम. हा बदाम चेरीच्या बियांतून येतो. बियांतल्या एका द्रव्यापासून बेंझाल्डिहाइड तयार होतं, आणि कडू बदामाचा वासही त्याचाच. म्हणजे फळाच्या मांसात जो वास फिका असतो तो बियांतून काढून घेतलेला असतो. ६०–७० मिलिलिटर किर्शवासर, थोडा चेरीचा रस आणि चमचाभर साखर एकत्र करून ब्रशने थरांवर लावायची. कोरड्या स्पंजला ओल लागतेच, पण त्याहून मोठं काम वासाचं. चेरीचा आंबटपणा जिभेवर थांबतो. या वासाने तो नाकापर्यंत पोचतो.

साय पाऊण लिटर. इथे दुकानात मिळणाऱ्या फेटायच्या सायीत निदान ३० टक्के स्निग्धांश असतो. भांडं, फेटणी, साय, सगळं गार हवं. सायीतल्या स्निग्धांशाचे कण गार असताना अर्धवट घट्ट असतात. फेटताना ते एकमेकांना चिकटत जातात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती कडं करतात. साय उभी राहते ती याच्यावर. ऊब लागली की कण वितळतात आणि कडं मोडतं. फेटणं थोडं जास्त झालं तर लोणी निघायला लागतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. साखर अगदी थोडी, आणि शेवटी आणखी एक-दोन चमचे किर्शवासर.

मग रचायचं. बिस्किटावरच्या स्पंजला दारू पाजली की त्यावर सायीची दोन-तीन वर्तुळं काढायची आणि मधल्या जागांत चेरीचं घट्ट मिश्रण भरायचं. याने फळ कडेला घसरत नाही आणि कापल्यावर प्रत्येक तुकड्यात लाल-पांढऱ्याच्या आळीपाळीने पट्ट्या दिसतात. दुसरा थर, दारू, साय. तिसरा थर, दारू, वर आणि कडांना साय. गडद चॉकलेटच्या वडीवर सुरीची धार तिरपी धरून कीस काढायचा आणि तो मध्यभागी आणि कडांना लावायचा. बोटांनी नाही, चमच्याने, कारण बोटांच्या उबेने तो वितळतो. सायीचे १६ गोंडे, प्रत्येकावर एक चेरी. निदान चार तास फ्रिजमध्ये, रात्रभर ठेवला तर सगळ्यात छान.

पहिला घास घेताना गार साय आधी लागते. मग कोकोचा कडवटपणा, आणि तेवढ्यात चेरी फुटते. आंबट रस सगळीकडे पसरतो आणि साय जिथे जड व्हायला लागली होती तिथे तोंड पुन्हा स्वच्छ होतं. म्हणून दुसरा घास घ्यावासा वाटतो. बिनसाखरेची काळी कॉफी सोबत असली तर तिसराही. चार थरांचा, सायीने लिंपलेला एवढा मोठा केक जड होत नाही याचं श्रेय मी तरी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

माझ्या लहानपणी साताऱ्याला आम्ही जो ब्लॅक फॉरेस्ट खाल्ला तो वेगळा होता, आणि त्याच्याविषयी मला आजही प्रेम आहे. वाढदिवसाला बेकरीत 'अर्धा किलो ब्लॅक फॉरेस्ट' एवढंच सांगायचं, नाव लिहून द्यायचं, संध्याकाळी खोकं आणायचं. इथल्या काही भारतीय मंडळींना त्या केकला नकली म्हणताना ऐकलं की मला वाईट वाटतं. तो केक आपल्या बेकरीवाल्यांनी डोकं लढवून उभा केला आहे. मे महिन्यात ३८–४० अंशांत, वीज जात-येत असताना, दुधाची साय टिकणं शक्य नव्हतं. आपल्याकडे खोक्यात मिळणारं नेहमीचं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं, ते फेटून उभंच राहत नाही. म्हणून वनस्पती-तेलापासून केलेलं क्रीम आलं, जे जास्त उष्णतेत तग धरतं. दारू घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना चालणारी नव्हती, म्हणून साखरेचा पाक आला. अंडं न खाणारी गिऱ्हाइकं होती, म्हणून कंडेन्स्ड मिल्क, दही आणि सोडा यांच्यावर फुगणारा केक आला. प्रत्येक बदलामागे एक खरी अडचण आहे आणि तिच्यावर शोधलेला खरा उपाय आहे. फक्त हे सगळे बदल गोडाच्या दिशेने झाले आणि आंबट वाटेत कुठेतरी गळून पडलं. आंबट चेरी आपल्याकडे पिकत नव्हती. तिच्या जागी वर एक लालभडक, पाकात मुरलेली, रबरासारखी चेरी आली. आम्ही भावंडं तिच्यासाठी भांडायचो.

ती चेरी बहुतेक वेळा करवंद असायची. आपल्याकडे बेकरीत वापरली जाणारी स्वस्त चेरी बरीचशी करवंदाच्या लागवडीच्या जातीपासून करतात. कच्चं फळ घेऊन बी काढायची, मिठाच्या पाण्यात मुरवायचं, लाल रंग द्यायचा, मग दिवसेंदिवस दाट करत नेलेल्या पाकात बुडवत राहायचं. आंबट-तुरट फळातला आंबट पूर्ण काढून टाकायचा, तेव्हा कुठे ती चेरी होते.

चेरी आणि करवंद यांचं नातं माझ्या लक्षात आलं ते आईमुळे. ती इथे आली होती तेव्हा मी हा केक केला. तिचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता, "दारू आहे का गं यात?" तिच्यासाठी वेगळा लहान केक केला होता. चेरीचा रस निम्मा होईपर्यंत आटवून त्यात बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब घातले होते. बियांचा वास बदामाच्या कुळातलाच, त्यामुळे किर्शवासरची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. लहान मुलं असली की मी आजही असंच करते. आईने केक सावकाश खाल्ला, मग बरणीत उरलेली एक चेरी नुसतीच तोंडात टाकली आणि म्हणाली, "हे आपलं करवंद की गं. पिकायला दोन दिवस राहिलेलं."

तिचं बालपण वाईजवळच्या एका खेड्यातलं. मे महिन्यात डोंगराला जायचं, काट्यांतून करवंदं काढायची, हातांना चीक लागायचा. फळ दाताने फोडून आत बघायचं, कोंबडा की कोंबडी. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हे सगळं तिने खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं, मी मध्ये बसून जर्मनमध्ये सांगत गेले. आजींनी विचारलं, बी केवढी असते? आईने बोटावर दाखवलं. एका फळात पुष्कळ, चपट्या, बारीक. आजींनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग एक-एक काढत बसू नका. शिजवा आणि चाळणीतून घासा.

तसंच केलं, पुढच्या मेमध्ये, वाईला. घाटात पानांच्या द्रोणात विकायला बसलेल्या बायकांकडून करवंदं घेतली, काळी झालेली आणि थोडी लालसर राहिलेली अशी मिसळून, कारण पूर्ण पिकलेलं करवंद गोडाकडे झुकतं. धुऊन, थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवली आणि चाळणीवर घासली. दाट, गडद जांभळा गर खाली आला. चव घेतली आणि डोळे बारीक झाले. कॉर्नफ्लोअर चेरीला लागतं त्याच्या निम्मंही लागलं नाही. करवंदात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, भरपूर असतं, गर आपोआप आळतो. चीक शिजताना कडेला थोडा चिकटला, तेल लावलेल्या हाताने निघाला. साय पुण्याहून आणलेली ३५ टक्क्यांची, बर्फात ठेवलेल्या भांड्यात पहाटे फेटली, कारण दुपारी ते शक्यच नव्हतं. बिस्किटाच्या थराला मैद्याऐवजी आईच्या आग्रहाने थोडी नाचणी घातली आणि ती कोकोबरोबर फार छान लागली. दारू नव्हती, बदामाचे थेंब होते.

आंबट अगदी जागेवर बसलं. सायीला कापणारं, कोकोला उठाव देणारं, हवं तसं. दोन गोष्टी मात्र नव्हत्या. करवंदाच्या गराला फळाचं अंग नाही, दाताखाली काही फुटत नाही, आणि चेरीचा तो मागून येणारा वास बदामाच्या थेंबांनी अर्धाच येतो. काश्मीरची चेरी मे संपता संपता पुण्याच्या बाजारात येते. ती गोड असते, एकटी या केकला पुरी पडणार नाही. पण करवंदाच्या गरात ती अख्खी घातली, तर दाताला चेरी लागेल आणि जिभेला करवंद. अडचण एवढीच, की पाऊस लागला की करवंदं संपतात. चेरीचा भर येईतो ती थांबत नाहीत. म्हणून या वर्षी गर आधीच काढून आईच्या फ्रीजरमध्ये ठेवला आहे, दोन डबे. एकावर तिने मोठ्या अक्षरात 'सरबत नाही, केक' असं लिहिलं आहे.